पाईकरावताईंची मापवही

पाईकरावताई भेटल्या की 'कशी आहेस', 'जेवलीस का' असलं काही विचारत नसत. आधी खांद्याकडे बघत. "उजवा खांदा वर चढून राहिला तुजा," एवढं म्हणत आणि मग पदर सारखा करून पुढचं बोलणं. बँकेच्या रांगेत पुढे उभी असलेली अनोळखी बाईसुद्धा त्यातून सुटत नसे. एकदा तालुक्याच्या कचेरीत त्यांनी टेबलापलीकडच्या मोठ्या साहेबांना सांगितलं होतं, "साहेब, मान म्होरं आली तुमची." साहेबांनी दचकून मान मागे घेतली. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

त्यांच्या गळ्यात शिलाईचा पिवळा टेप असे आणि पिशवीत शंभर पानी वही. वही ब्लाउजच्या मापांचीच होती, पण मागच्या बाजूने उघडली की तिथे वेगळी मापं सुरू होत. 'गुडघा ते जमीन'. 'बूड ते कोपर'. 'डोळा ते काच'. वीस वर्षं त्यांनी सेनगावात कपडे शिवले. त्याआधी काय केलं, घरी कोण कोण आहे, हे मला आजही धड ठाऊक नाही. एकच गोष्ट त्या स्वतःहून सांगत आणि फार खुशीत सांगत: टायपिंगची परीक्षा त्यांनी मुलीसोबत दिली होती, मुलगी नापास झाली, आई पास झाली.

आमची ओळख झाली ती एका मंगल कार्यालयात, पण लग्नात नाही. सेनगावच्या बाहेर हिंगोली रस्त्याला ते कार्यालय आहे. आषाढात लग्नं थांबली की तुळशीच्या लग्नापर्यंत ओस पडतं. त्या वर्षी एका ठेकेदार कंपनीने ते तेवढ्यापुरतं घेतलं आणि तिथे तीस कॉम्प्युटर मांडले. काम असं: जमिनीच्या जुन्या दप्तरांच्या झेरॉक्स समोर ठेवायच्या आणि त्यातली गावं, नावं, गट नंबर बघून कॉम्प्युटरवर भरायचे. दिवसभर. आम्ही तीस जण, त्यात मुलीच जास्त. हॉल रिकामा करायच्या दिवशी तिसातल्या बारा जणांची यादी लागणार होती. त्या बारा जणांना हिंगोलीच्या ऑफिसात वर्षभराचं काम. ज्याची पानं जास्त तो आत, बाकीच्यांनी आपापल्या गावची जीप धरायची.

कंपनीने कॉम्प्युटर आणले, पण टेबलं आणली नाहीत. हॉलमध्ये होतीच की! बुफेची. ज्यावर भाताचं पातेलं आणि जिलबीची परात ठेवतात आणि माणसं उभ्याने वाढून घेतात, ती. त्याला जोड म्हणून लाल प्लास्टिकच्या खुर्च्या. आता विचार करा. टेबल उभ्या माणसासाठी, खुर्ची बसणाऱ्यासाठी. की-बोर्ड येतो छातीला. आम्ही तीस जण खांदे कानापर्यंत चढवून, दोन्ही हात टांगून टाईप करत होतो. टेबलाची पत्र्याची कड मनगटात रुतायची. संध्याकाळी प्रत्येकीच्या मनगटावर एक आडवी लाल रेघ. आम्ही ती एकमेकींना दाखवून हसायचो. हसायचो! याचा मला आज जितका राग येतो तितका कंपनीचाही येत नाही.

सुपरवायझर बालाजी सर आमच्याहून चार-पाच वर्षांनी मोठे. त्यांना बसायला डेकोरेशनवाल्याची नवरदेवाची खुर्ची दिली होती, लाल मखमलीची, सोनेरी हातांची. ऑफिस कुठलंही असो, चांगली खुर्ची दर्जा बघून मिळते. दिवसभर जो हात चालवतो त्याला प्लास्टिकची, आणि जो दिवसातून दहा सह्या करतो त्याला चाकाची, वर पाठीला टॉवेल. हे कुणी ठरवलं? कुणीच ठरवलेलं नसतं. म्हणून तर बदलत नाही.

पहिल्या दिवशी पाईकरावताई दारात उभ्या राहिल्या तेव्हा बालाजी सर फोनवर होते. वर न बघताच म्हणाले, "मावशी, झाडू तिकडं कोपऱ्यात हाय."

ताई शांतपणे आत आल्या. "झाडूचं बरं झालं सांगितलं," त्या म्हणाल्या. "खाली लई कचरा हाय. कोन झाडतं ते बघा. मी टायपिंगला आले. सतरा नंबर."

सरांचा चेहरा पडला. "सॉरी ताई, सॉरी." तेव्हापासून त्या सगळ्यांच्या ताई झाल्या. जाता जाता त्यांनी त्या मखमलीच्या खुर्चीकडे नजर टाकली. "सर, ह्या खुर्चीत नवरदेव दोन तास बसतो, तेबी फोटोपुरता. तुमी दिवसभर बसून राहिले. कंबर धरंल."

चौथ्या दिवशी सरांची कंबर धरली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी ताईंनी टेप काढला. जेवणाच्या सुट्टीत एकेकीला उभं करायच्या, बसवायच्या, मापं घ्यायच्या आणि वहीत लिहायच्या. मुलं लाजली तर दरडावायच्या. "तुजं काय लगीन लावून राहिले का मी? बस नीट. कोपर अंगाला लाव." टेबल काही कापता येत नव्हतं. मग माणूस वर न्यायचा. हॉलमध्ये लाल खुर्च्यांच्या चळती लागलेल्या होत्या. एका खुर्चीत दुसरी बसवली की बूड दोन-तीन बोटं वर येतं. ताईंच्या वहीत नावापुढे आकडे पडले: कुणाला तीन खुर्च्या, कुणाला चार. त्या स्वतः बुटक्या, त्यांना पाच. खुर्च्यांवर खुर्च्या चढल्या आणि आमची कोपरं पहिल्यांदा टेबलाच्या बरोबरीला आली. पडद्याखाली कागद गुंडाळलेल्या विटा गेल्या. "वरची ओळ भिवईच्या बराबर," त्या सांगत, "आन हात लांब केला की बोटं काचंला टेकली पायजेत. त्याच्या म्होरं सरकायचं न्हाई, शिनिमा न्हाई तो."

आता पाय लोंबकळायला लागले. ताईंनी भांडारघर उघडून बघितलं, तर तिथे मानाच्या पंगतीचे लाकडी पाट रचलेले. त्यांनी तीस पाट काढले आणि आमच्या पायाखाली सरकवले.

इथे नामदेवकाका भडकले. हॉलचे रखवालदार, तुळशीमाळ घालणारे, साधा माणूस. ते धावतच आले. "आवं पाटाला पाय लावून राहिले का तुमी? त्याच्यावर मानसं जेवतेत! लक्ष्मी बसती त्याच्यावर! काढा, आधी काढा!"

मी तोंड उघडणार होते. माझ्याकडे अशा प्रसंगासाठी एक तयार भाषण असतं. ताईंनी मला हातानेच गप्प केलं.

"काका," त्या म्हणाल्या, "मंगलाष्टकं चालू असतेत तवा नवरदेव कशावर हुभा असतो?"

नामदेवकाका थांबले. "पाटावर."

"डोक्यावर हुभा असतो का पायावर?"

सगळा हॉल खिदळला. काकाही थोडं हसले, आणि मग गंभीर होऊन म्हणाले, "मंग धुऊन-पुसून ठेवायचे रोज. बराबर?" "बराबर," ताई म्हणाल्या आणि रोज संध्याकाळी स्वतः पाट पुसू लागल्या. चार दिवसांनी काकाच म्हणाले, ठेवा, मी पुसतो.

त्या पाटांनी आणखी एक काम केलं, ते आमच्या लक्षात उशिरा आलं. कॉम्प्युटर असलेल्या खोलीत चपला घालून जायचं नाही हा आमच्याकडचा रिवाज. कुणी शिकवलेला नाही, पण सगळे पाळतात. दसऱ्याला त्याच कॉम्प्युटरला हळदकुंकूही वाहतात. त्यामुळे आम्ही सगळे अनवाणी, आणि पावसाळ्याचे दिवस, फरशी ओलसर. कॉम्प्युटरच्या खालच्या डब्याला हात लागला की बोटांत मुंग्या यायच्या. "करंट मारून राहिला," म्हणायचं आणि पुढे टाईप करायचं. जणू करंट हा पाऊस आहे, यायचाच! पाय लाकडी पाटांवर आले तेव्हा तो कमी झाला, पण गेला नाही. ताई म्हणाल्या, "चपला घाला आत. सरस्वती चपलांवर रागवत न्हाई, करंट लागून लेकरू मेलं तर रागवंल." मग त्यांनी बालाजी सरांचा पिच्छाच पुरवला. शेवटी वायरमन आला, मागच्या अंगणात खड्डा खणून मीठ-कोळसा घातला आणि अर्थिंग नीट करून दिलं. जमिनीवर लोळणाऱ्या वायरी ताईंनी कापडाच्या पट्ट्यांनी टेबलाच्या पायांना बांधून टाकल्या. सगळ्यांच्या हातातल्या मुंग्या गेल्या.

सविताच्या गेल्या नाहीत.

सविता पोले आमच्या हॉलमधली सगळ्यात वेगवान मुलगी. सेनगावपासून जीपने पाऊण तासावरच्या खेड्यातली. घरी मेंढ्या. आईबाप वर्षातले सहा-सात महिने कळप घेऊन रानोमाळ. घरातून बाहेर पडून ऑफिसात कामाला लागलेली ती पहिली. यादी लागली की पहिलं नाव तिचं, हे आम्ही गृहीत धरलं होतं. तीही धरून होती. हिंगोलीत राहायला खोलीसुद्धा बघून ठेवली होती तिने.

तीन आठवडे सविता म्हणत होती की करंट लागतो. आम्हालाही ते पटत होतं, कारण सगळ्यांनाच लागत होता. अर्थिंग झाल्यावर तिने ते म्हणणं बंद केलं. मग एक दिवस जेवताना तिने डब्याचं झाकण माझ्यापुढे सरकवलं. "उघड ना. घट्ट बसलंय." मी उघडलं, ते सहज निघालं. समोर ताई भाकरी मोडत होत्या. त्यांचा हात थांबला.

"सविता, पहाटं हात झोपतो का तुजा? जाग येती?"

"न्हाई तर."

"खोटं बोलू नको."

सविताचे डोळे भरले. "कोनाला सांगू नका, ताई. सरांना तर बिलकुल न्हाई."

"घरी सांगितलं का?"

"घरी काय सांगू? आई दिवसभर मेंढरामागं चालती. तिला सांगू का, मी फॅनखाली खुर्चीवर बसून राहिले आन माजा हात दुखून राहिला?"

या एका वाक्यासाठी मी हे सगळं लिहितेय. बसून काय दुखतंय! सावलीत काय दुखतंय! आपल्याकडे उन्हात वाकतं तेच कष्ट. बाकी सगळी ऐश. ज्यांनी उन्हात आयुष्य काढलं त्यांनी असं म्हणावं, हे मी समजू शकते. पण ठेकेदारही तेच म्हणतो, आणि फार सोयीने म्हणतो. आणि पोरी लाजून हात लपवतात.

ताईंनी भाकरी खाली ठेवली, हात धुतला आणि उजवा तळवा सविताच्या पुढे धरला. "अंगठ्याच्या बुडी दाब."

सविताने दाबलं. तिथे सगळ्यांना गादीसारखा मऊ उंचवटा असतो. ताईंच्या हाताला खळगा होता. बोट थेट हाडाला लागलं असावं, कारण सविताने हात झटकन मागे घेतला.

"हिथं मांस व्हतं," ताई म्हणाल्या. "शाळेचे गणवेश शिवून शिवून गेलं. मुंग्या यायच्या. मी हात झटकायची आन पुन्ना कपडा सारायची. दोन साल झटकला. मलाबी लोक म्हनायचे, बसून तर शिवतीस, तुला काय तकलीफ? आता सुईत दोरा ओवता येत न्हाई मला. म्हनून टायपिंगला आले. ते स्पेसचं बटनबी मी डाव्या अंगठ्यानं मारते, बघितलं न्हाईस का कदी?"

आम्ही कुणीच बघितलं नव्हतं. दोन महिने त्यांच्या शेजारी बसून.

त्या रविवारी ताई तिला घेऊन हिंगोलीला एका डॉक्टरांकडे गेल्या. मनगटातली नस दाबली जातेय, असं डॉक्टर म्हणाले. वेळेत आलात. झोपताना पट्टा बांधा आणि दोन-तीन आठवडे टायपिंग बंद. परत येताना बसमध्ये सविता बोटांवर आठवडे मोजत होती, असं ताईंनी सांगितलं. दोन-तीन आठवडे बंद म्हणजे यादीतून बाहेर. हिशेब साधा होता.

मी त्या दिवशी पत्रक लिहिलं. 'मनगटं मोडणाऱ्या ठेकेदारीचा जाहीर धिक्कार!' अशी सुरुवात. दीड पान. 'शोषण' हा शब्द नऊ वेळा. मोठ्या अभिमानाने ताईंना वाचायला दिलं. त्यांनी चष्मा लावला, बोट फिरवत सगळं वाचलं आणि म्हणाल्या, "धिक्कार बराबर हाय. पर खुर्ची किती उंच पायजे, ते ह्यात कुठं लिव्हलंय?"

"ताई, हे पत्रक आहे. मुद्दा व्यवस्थेचा आहे."

"व्हय ना. पर उद्या व्यवस्था म्हनली, चला, तुमचं खरं, सांगा काय करू. तर तू काय सांगशील? आजून धिक्कार?"

मी पत्रक त्यांच्या हातातून ओढून घेतलं. राग आला होता. बराच वेळ होता.

सोमवारी ताई बालाजी सरांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. सर तोवर मखमलीची खुर्ची सोडून लाल खुर्च्यांच्या चळतीवर आले होते, साडेतीन खुर्च्या, म्हणजे तीन आणि वर एक उशी.

"सर, आमची टेबलांची वळ मला आठ दिवस द्या. सहा जनी हावत आमी. अर्ध्या तासाला दोन मिनिटं उठायचं, हात खाली सोडायचे, दारातून लांब वावराकडं बघायचं. आन सविताला टायपिंगवरून काढून भरलेली पानं तपासायच्या टेबलावर घ्या. नजरंचं काम, बोटांचं न्हाई."

"ताई, मला वरून फोन येतो. पानं किती, एवढंच विचारतेत. दर अर्ध्या तासाला उठले तर पानं कमी नाय पडणार का?"

"पडली तर माजं नाव काटा. लिहून देते."

"आन तपासणीची पानं यादीला धरतेत का नाय, मला खरंच माहीत न्हाई. नंतर मला बोलू नका."

हे ऐकून सविता जागेवरून उठली. सगळ्यांसमोर बोलली. "ताई, कोनी सांगितलं तुमाला? मी टाईप करते म्हनलं ना! तुमाला काय, तुमचं नाव तसंबी यादीत येनार न्हाई!"

खरं होतं ते. ताई हॉलमधल्या सगळ्यात हळू टायपिस्ट होत्या, आणि ते सगळ्यांना माहीत होतं.

"व्हय," ताई म्हणाल्या. "म्हनून तर मला भ्याव न्हाई. तुला हाय, म्हनून तुज्यासाठी मी बोलून राहिले. बस. तीन खुर्च्या तुज्या, चार केल्यात कोनीतरी. एक काढ."

पहिल्या दोन दिवसांत आमच्या ओळीची पानं कमी पडली. बालाजी सर संध्याकाळी आकडा वाचायचे आणि ताईंकडे बघायचे नाहीत. सविता तपासणीच्या टेबलाशी उजवा हात मांडीवर ठेवून बसायची. हॉलमधली इतर पोरं आमची नक्कल करायची. आम्ही उठलो की तेही उठून कवायत केल्यासारखे हात हलवायचे. "एक दोन, एक दोन, पाईकराव पलटण!" ताई त्यांच्याकडे बघून म्हणायच्या, "आसं न्हाई रं, खांदे सैल सोड. हां, बराबर. झालं की तुजंबी." नक्कल करता करता त्या पोरांचंही उठणं सुरू झालं, हे त्यांना कळायलाही वेळ लागला.

तिसऱ्या दिवशी वेगळंच घडलं. रोज चुकलेली पानं तपासणीतून परत येत आणि पुन्हा भरावी लागत. आमच्या ओळीची त्या दिवशी फार कमी परत आली. चौथ्या दिवशी आणखी कमी. थकलेल्या डोळ्यांनी भरलेलं पान दोनदा भरावं लागतं, हे साधं गणित कुणी मांडलंच नव्हतं. आठवडा संपताना ओळीचा आकडा आधीइतका झाला. ताईंचं नाव काटलं गेलं नाही.

आणि तपासणीच्या टेबलावरून सविता एक एक पान बाजूला काढायला लागली. "सर, हे गाव चुकलंय."

"झेरॉक्समध्ये असंच दिसतंय की."

"दिसत आसंल, पर ह्या शिवारात ती वाडी न्हाईच. ती वढ्याच्या पल्याड, दुसऱ्या गावात. आमचा कळप तिथून जातो ना." सेनगाव, औंढा, कळमनुरी, तिन्ही तालुक्यांतल्या वाड्या, वस्त्या, माळ, पाझर तलाव त्या पोरीला तोंडपाठ होते. लहानपणापासून मेंढरांमागे चालून झालेले. ज्या नोंदी आम्ही डोळे मिटून खुशाल भरत होतो त्यातलं कुठलं गाव कुठल्या गावाच्या शेजारी बसू शकतं हे तिला न बघता कळायचं. बालाजी सर सुरुवातीला वैतागले, मग नकाशा काढून ताडून बघायला लागले, आणि मग ताडून बघणंही त्यांनी सोडलं. पुढच्या वेळी वरून फोन आला तेव्हा मी त्यांना बोलताना ऐकलं: "पानं सांगतोच सर, पण परत येणारी किती कमी झालीत तेही लिहून घ्या. आमच्याकडं एक पोरगी आहे तपासणीला..."

मग मी नवं पत्रक लिहिलं. धिक्कार ठेवला, ताईंनीही तो काढायला सांगितलं नव्हतं. पण एकाच ओळीचा केला. खाली ताईंच्या वहीतली मापं: कोपर कुठे हवं, पाय कुठे टेकावेत, पडदा किती लांब, किती वेळाने उठायचं, हाताला मुंग्या आल्या तर झटकत न बसता दवाखान्यात जायचं. शेवटी 'बसून काम करणाऱ्याचंही अंग दुखतं. लाजू नका.' हे वाक्य ताईंचं. सेनगावच्या एसटी स्टँडवर आम्ही ते चिकटवलं. दोन दिवसांनी बघते तर गायब. मी शिव्या देतच शोधायला निघाले, तर समोरच्या फॉर्म भरून देणाऱ्या दुकानातल्या पोराने ते कॉम्प्युटरच्या वर भिंतीला लावलेलं. शेजारच्या दुकानात दुसरं. जवळा बाजार या गावी आठवडी बाजाराच्या दिवशी एका माणसाने माझ्याकडून पाच मागून नेली. माझ्या धिक्काराची प्रत तोवर कुणी मागून नेली नव्हती.

तुळशीचं लग्न झालं. हॉलवर डेकोरेशनवाल्यांचा ट्रक येऊन उभा राहिला, आणि त्याच दुपारी यादी लागली. अकरा नावं पानांवरून. बाराव्या नावापुढे लिहिलं होतं, 'तपासणीसाठी'. सविता पोले.

ती यादीपुढून हललीच नाही. तिने तीन वेळा वाचली. मग वळून ताईंना शोधायला लागली. ताईंचं नाव अर्थातच नव्हतं. माझंही नव्हतं, पण माझं जाऊ द्या. मला ताईंसाठी संताप आला. ज्या बाईने तीस जणांची हाडं जागेवर आणली तिलाच जागा नाही! मी तसं मोठ्याने बोलले. ताई तेव्हा नामदेवकाकांना पाट मोजून देत होत्या. "एकोनतीस... काका, एक कमी हाय, बघा बरं खाली. काय म्हनलीस? आगं, माजी पानं कमी व्हती. ते खरंच हाय. मला हळू काम येतं. हळू कामाची यादी लागली की माजं नाव पहिलं टाक." आणि खाली वाकून त्यांनी टेबलाखालून तिसावा पाट काढला.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते गेल्या उन्हाळ्यात, हिंगोलीच्या स्टँडवर. त्या सेनगावहून येऊन कळमनुरीमार्गे डोंगरकड्याला चालल्या होत्या. तिथे कुणी नवीन कॉम्प्युटर क्लास काढत होता. त्याने कुठूनतरी ते पत्रक वाचलं होतं आणि टेबलं बनवायच्या आधी ताईंना निरोप धाडला होता. "सुतार लाकूड घेऊन बसलाय म्हनं माजी वाट बघत," ताई म्हणाल्या. "ह्या खेपंला टेबलालाच माप द्यायचं. मानसं कापायची न्हाईत." अशा बोलावण्यांवर त्यांचं आता बरं चाललं होतं. त्या वर्षातलं हे चौथं गाव.

सविताला मी फोन केला होता. जेवणाच्या सुट्टीत ती ऑफिसातून धावत आली, ओढणी उडतेय, कपाळावर घाम. ताई बसमध्ये चढून खिडकीला बसल्या होत्या. सविता खिडकीखाली उभी राहून धापा टाकत होती. तिचं वर्षभराचं काम आणखी वाढवलं होतं, आईला तिने एकदा ऑफिस दाखवायला आणलं होतं, असं सगळं एका दमात सांगून झालं.

"ते ऱ्हाऊ दे," ताई म्हणाल्या. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला. "उजव्या हातानं धर. दाब."

सविताने दाबला.

"एवढंच? आजून."

सविताने ओठ चावले आणि दोन पाय रोवून दाबला. ताईंचा चेहरा वाकडा झाला. "आगं आगं, मोडतीस का काय!"

ड्रायव्हरने गाडी चालू केली. कंडक्टर दारातून ओरडला, "ओ ताई, हात आत घ्या! गाडी निघून राहिली."

ताईंच्या डोळ्यांतून पाणी आलं होतं, दुखून असेल. त्या कंडक्टरकडे न वळताच म्हणाल्या, "थांबा वो जरा. दाबू द्या तिला."